बारामतीत मेडिकल कॉलेज सुरू झालं, आठ महिन्यांत कोरोना आला. नव्या कॉलेजचं रुग्णालय उभं कसं राहतं?

इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर रात्री कुणाला साप चावला, तर घरच्यांपुढं पहिला प्रश्न औषधाचा नसतो. तो असतो, न्यायचं कुठं? गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, नदीपलीकडं अकलूजला, की सरळ बारामतीला? इंदापूरहून बारामती साधारण ५० किलोमीटर, सोलापूर ११० आणि पुणे १४० च्या आसपास. खासगी दवाखान्यात आगाऊ रक्कम भरायची ऐपत नसेल, तर पिढ्यानपिढ्या एकच उत्तर ठरलेलं होतं. "ससूनला हलवा."

पुण्याचं ससून रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झालं. त्याला जोडलेलं बी. जे. मेडिकल कॉलेज १९४६ चं. सोलापूरचं डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चं. म्हणजे बारामती, इंदापूर, दौंड हा सगळा ऊसपट्टा पन्नासेक वर्षं दोन सरकारी मेडिकल कॉलेजांच्या मधोमध होता आणि दोन्हीपासून लांब होता.

२०१९ मध्ये बारामतीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. एमबीबीएसच्या १०० जागा. पुढं त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. पाटी लागली, मुलं आली. पण मेडिकल कॉलेज आलं म्हणजे मोठं रुग्णालय आलं, असं होतं का? लगेच नाही. का नाही, ते कळायचं असेल तर या कॉलेजचं पहिलं वर्ष बघावं लागतं. ते वर्ष फार विचित्र गेलं.

आधी सापाचं बघू

आपल्याकडं चार विषारी साप मुख्य मानतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं आणि ते ग्रामीण रुग्णालयातही मिळू शकतं. मग पुढं पाठवायची वेळ का येते?

मण्यार बहुतेक वेळा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. जखम दिसत नाही, फार दुखतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. अशा रुग्णाला प्रतिविष दिलं तरी श्वास लगेच परत येईलच असं नाही. त्याला व्हेंटिलेटर लागतो, कधीकधी काही दिवस. आणि व्हेंटिलेटरपेक्षा जास्त गरज असते ती त्याच्याशेजारी रात्रभर जागा राहणाऱ्या माणसाची. नळी तुंबली तर ती साफ करणारा, रक्तातल्या ऑक्सिजनवर नजर ठेवणारा, पहाटे चार वाजता वरिष्ठांना फोन करणारा.

घोणशीचं वेगळं. तिच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं, पुढं मूत्रपिंड बंद पडू शकतं. रक्त गोठतंय का हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडं रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करून बघायची. रक्त पातळच राहिलं तर प्रतिविष सुरू करायचं. पण मूत्रपिंड बसलं तर डायलिसिस लागतं, आणि त्यासाठी यंत्र, तंत्रज्ञ आणि डॉक्टर एका छताखाली असावे लागतात.

ऊसतोडीच्या हंगामात हा प्रश्न आणखी वाढतो. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी अशा कारखान्यांच्या परिसरात बीड-अहिल्यानगरकडून टोळ्या येतात आणि फडाजवळ कोप्या करून राहतात. जमिनीवर झोपणं, पहाटे अंधारात तोड, कोयत्याच्या जखमा, ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली येणं, दिवस भरत आलेल्या बायका. यातल्या बहुतेकांना या तालुक्यातला एकही डॉक्टर ओळखीचा नसतो. रात्री उघडं असणारं, पैसे न विचारता आत घेणारं मोठं सरकारी रुग्णालय किती लांब आहे, यावर त्यांचं पुष्कळ काही ठरतं.

२०१४ पासून १०८ नंबरची रुग्णवाहिका आली आणि गाडीचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला. गाडी कुठं थांबवायची, हा प्रश्न तसाच राहिला.

शिकवणारं रुग्णालय वेगळं असतं ते कशानं?

उपजिल्हा रुग्णालय आणि मेडिकल कॉलेजचं रुग्णालय बाहेरून सारखंच दिसेल. तोच केसपेपर, तीच रांग. पण महाराष्ट्रात ही दोन वेगळ्या खात्यांची मुलं आहेत. आरोग्य केंद्रं, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाची. मेडिकल कॉलेज आणि त्याचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं. बजेट वेगळं, भरती वेगळी, बदल्या वेगळ्या.

सामान्य माणसाला याच्याशी काय करायचंय, असं वाटेल. पण त्याचा खिशाशी संबंध आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. त्या निर्णयात वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं नव्हती. म्हणजे एकाच शहरातल्या दोन सरकारी रुग्णालयांत एकीकडं केसपेपर फुकट आणि दुसरीकडं नाममात्र का होईना शुल्क, असं घडू शकतं. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना दोन्हीकडं लागू पडू शकते आणि तिची मर्यादा २०२३ च्या निर्णयानं दीड लाखावरून ५ लाखांवर नेली गेली. तरी खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला "हे पण सरकारी आणि ते पण सरकारी, मग इथं पैसे कसे?" हा प्रश्न पडणारच.

दुसरा फरक माणसांचा. उपजिल्हा रुग्णालयात एखाद्या विषयाचे एक-दोन तज्ज्ञ असतात. ते रजेवर गेले की तो विभागच रजेवर जातो. कॉलेजच्या रुग्णालयात प्रत्येक विषयाचा विभाग असतो. प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, सहायक प्राध्यापक, त्यांच्याखाली निवासी डॉक्टर, त्यांच्याखाली इंटर्न. ही उतरंड मुलांना शिकवण्यासाठी असते, पण तिचा फायदा रुग्णाला मिळतो. एकाच्या नजरेतून सुटलेली गोष्ट दुसऱ्याला दिसते. सकाळच्या राउंडला प्राध्यापक विद्यार्थ्याला विचारतात, "याला हेच औषध का दिलं?" आणि उत्तर देता आलं नाही तर फाइल पुन्हा उघडली जाते.

तिसरा फरक नियमांचा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांप्रमाणे ५० जागांच्या कॉलेजला किमान २२० खाटा लागतात आणि १०० जागांच्या कॉलेजला ४२०. नुसत्या खाटा टाकून भागत नाही, त्यातल्या ८० टक्के भरलेल्या असाव्या लागतात. ४२० चे ८० टक्के म्हणजे ३३६. रोज एवढी माणसं दाखल हवीत. रुग्ण नसतील तर विद्यार्थी शिकणार कशावर? एरवी खाटा रिकाम्या असणं ही गावासाठी चांगली बातमी, पण मेडिकल कॉलेजसाठी ती नोटीस येण्याचं कारण ठरते.

२०१९: १०० मुलं आणि नवा अभ्यासक्रम

कॉलेजच्या मंजुरीपासून पहिल्या तुकडीपर्यंत बरीच वर्षं गेली. ही सरकारी रीतच आहे. शहरात रौप्य महोत्सवी उपजिल्हा रुग्णालय होतं, त्याला सगळे 'सिल्व्हर ज्युबिली' म्हणतात. महिला रुग्णालय होतं, जवळ रुईचं ग्रामीण रुग्णालय होतं. नवं कॉलेज सहसा अशाच असलेल्या रुग्णालयांच्या आधारानं सुरू होतं आणि स्वतःचं मोठं रुग्णालय मागून उभं राहतं. बारामतीत कॉलेजची जागा एमआयडीसीच्या भागात आहे.

हे कॉलेज सुरू झालं ते वर्षही साधं नव्हतं. देशभरात एमबीबीएसचा अभ्यासक्रम १९९७ नंतर पहिल्यांदाच मुळापासून बदलला होता आणि तो ऑगस्ट २०१९ च्या तुकडीपासूनच लागू झाला. पूर्वी पहिलं वर्षभर विद्यार्थी फक्त शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन घोकत. रुग्ण दिसायचा तो दुसऱ्या वर्षी. नव्या पद्धतीत सुरुवातीला महिनाभराचा पायाभूत वर्ग आला. त्यात रुग्णाशी बोलायचं कसं, स्थानिक भाषा, रुग्णालयाची ओळख असे विषय होते. रुग्णाशी गाठही पहिल्याच वर्षी घालून द्यायची, असं ठरलं. म्हणजे कॉलेज नवं, शिकवणारे नव्यानं जमलेले, आणि शिकवायची पद्धत देशातल्या जुन्या नामांकित कॉलेजांनाही नवी. एका अर्थानं बारामतीला हे सोयीचंच होतं. इथं मोडायला जुनी सवय नव्हती.

प्रवेशाचंही एक सांगण्यासारखं आहे. सरकारी कॉलेजच्या १५ टक्के जागा देशपातळीवरून भरतात, ८५ टक्के राज्यातून. २०१९ मध्ये राज्याच्या जागांना ७०:३० हे प्रादेशिक सूत्रही लागू होतं. मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र असे भाग करून ७० टक्के जागा त्या त्या भागातल्या मुलांना मिळत. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झालं. त्यामुळं बारामतीची पहिली तुकडी जुन्या सूत्रातली आणि त्यानंतरच्या तुकड्या नव्या. शिवाय ज्या मेडिकल कौन्सिलच्या काळात कॉलेजला परवानगी मिळाली, तीही २५ सप्टेंबर २०२० ला इतिहासजमा झाली आणि तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. कॉलेज दीड वर्षाचं होण्याआधीच परीक्षक बदलला.

पहिल्या वर्षाला लागणारी आणखी एक गोष्ट बाजारात विकत मिळत नाही. मानवी देह. शरीररचनेच्या विच्छेदनासाठी साधारण १० विद्यार्थ्यांमागे १ देह, असा जुना दंडक आहे. १०० मुलं म्हणजे १०. महाराष्ट्रात यासाठी १९४९ चा शरीररचनाशास्त्र कायदा आहे, बेवारस मृतदेह आणि स्वेच्छेनं केलेलं देहदान हे त्यातले दोन मार्ग. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांना देहदानाची अनेक वर्षांची ओळख असते, लोक आधीच अर्ज भरून ठेवतात. तालुक्याच्या गावात नवं कॉलेज येतं तेव्हा ही ओळख शून्यातून उभी करावी लागते. वडिलांची इच्छा होती म्हणून देह कॉलेजला द्यायचा, की भावकी काय म्हणेल म्हणून स्मशानात न्यायचा, हा निर्णय एखाद्या घरात दोन तासांत घ्यावा लागतो. जवळ कॉलेज असलं तर निदान तो पर्याय तरी समोर असतो.

मार्च २०२०: रुग्ण आले, विद्यार्थी गेले

पहिल्या तुकडीचं पहिलं वर्ष संपायच्या आतच कोरोना आला. २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली. वसतिगृहं रिकामी झाली, मुलं आपापल्या गावी गेली आणि मोबाइलवर वर्ग सुरू झाले. शरीररचना पडद्यावर शिकणं म्हणजे पोहणं पुस्तकातून शिकण्यासारखंच. परीक्षा लांबल्या.

त्याच आठवड्यात, मार्चच्या शेवटी, बारामती शहरात पहिला रुग्ण सापडला. एप्रिलमध्ये शहरात 'भिलवाडा पॅटर्न' लागू झाला. राजस्थानातल्या भिलवाड्यात वापरलेली ही पद्धत. शहर पूर्ण बंद, रस्ते सील, भाजी-किराणा-औषधं घरपोच आणि घरोघर जाऊन सर्वेक्षण. त्या काळात 'बारामती' हे नाव बातम्यांत राजकारणासाठी नाही, तर या बंदोबस्तासाठी येत होतं.

तोवर देशभर कोरोनाच्या रुग्णालयांची तीन पातळ्यांवर विभागणी ठरली होती. सौम्य लक्षणांसाठी कोविड केअर सेंटर, मध्यम आजारासाठी कोविड हेल्थ सेंटर आणि गंभीर रुग्णांसाठी समर्पित कोविड रुग्णालय. तिसऱ्या पातळीवर ऑक्सिजनची पाइपलाइन, व्हेंटिलेटर आणि भूलतज्ज्ञ लागतात. ग्रामीण भागात हे तिन्ही एका जागी मिळणं अवघड. पण नव्या मेडिकल कॉलेजसाठी बांधलेली इमारत आणि नेमलेले प्राध्यापक-डॉक्टर बारामतीत होते. एमआयडीसीतली ती इमारत कोरोना रुग्णांसाठी वापरात आली.

इथं गंमत अशी झाली, की नव्या कॉलेजला सुरुवातीला जी अडचण असते ती उलटी झाली. एरवी विद्यार्थी असतात आणि पुरेसे रुग्ण नसतात. इथं रुग्ण होते, तेही गंभीर, आणि विद्यार्थी घरी बसलेले. इंटर्न नव्हते, कारण पहिली तुकडीच अजून पहिल्या वर्षाला होती. पदव्युत्तर निवासी डॉक्टर नव्हते. जुन्या कॉलेजांत कोरोनाचे वॉर्ड रात्रंदिवस चालवले ते याच दोन फळ्यांनी. ससूनसारख्या ठिकाणी निवासी डॉक्टरांची मोठी फौज होती. जिथं ती फळी नव्हती तिथं सगळा भार प्राध्यापक, वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांवर पडला.

त्या वर्षी तुकोबांची पालखीही या रस्त्यानं चालत गेली नाही. एरवी ती उंडवडी, बारामती, सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते आणि आठवडाभर या पट्ट्यातल्या आरोग्य यंत्रणेची कसोटी लागते. जुलाब, उष्माघात, पायाच्या जखमा, हृदयविकार. २०२० मध्ये पादुका एसटी बसनं पंढरपूरला गेल्या.

दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, सगळ्या महाराष्ट्राला ऑक्सिजनचा खरा अर्थ कळला. ग्रामीण भागात ऑक्सिजनच्या खाटा वाढल्या, हवेतून ऑक्सिजन तयार करणारे प्रकल्प बसले. त्या वर्षांत उभं राहिलेलं सामान महामारी गेल्यावर कुठं जात नाही. पाइपलाइन भिंतीतच राहते, मॉनिटर वॉर्डातच राहतात. ते चालवणारी माणसं टिकवणं मात्र दरवर्षीचं काम असतं.

आधी कॉलेज, मग रुग्णालय: हे फक्त बारामतीत झालं नाही

सरकारी काम म्हणून असं उलटं झालं, असं कुणी म्हणेल. पण सरकारशी संबंध नसलेल्या, नावाजलेल्या संस्थांचाही मार्ग असाच गेलाय. बेंगळुरूचं सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज देशातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं १९६३ मध्ये सुरू केलं. त्याचं स्वतःचं रुग्णालय उघडलं १९७५ मध्ये. मधली वर्षं मुलं शहरातल्या सेंट मार्थाज या जुन्या रुग्णालयात शिकली. आज त्या कॉलेजचं नाव देशातल्या चांगल्या कॉलेजांत घेतात.

आपल्याकडं मिरजेतही तसंच. डॉ. वानलेस यांचं मिशन रुग्णालय १८९४ चं, तर सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ चं. कॉलेज आलं तेव्हा शिकवायला रुग्णांनी भरलेलं, दूरवर नाव असलेलं रुग्णालय गावात तयार होतं. मिरज आज वैद्यकीय नगरी म्हणून ओळखली जाते, त्यामागं ही सुरुवात आहे. बारामतीकडं असं जुनं रुग्णालय नव्हतं. उपजिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करणं आणि वानलेसपासून सुरुवात करणं यात फरक पडतोच.

मग अजूनही पुण्याला का पाठवतात?

एमबीबीएस शिकवण्यासाठी मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग, अस्थिरोग, भूलशास्त्र, क्ष-किरण असे विभाग सक्तीचे आहेत. हृदयशस्त्रक्रिया, मेंदूची शस्त्रक्रिया, मूत्रपिंडविकार हे अतिविशेष विभाग सक्तीचे नाहीत. त्यामुळं सोलापूर रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस नव्या कॉलेजच्या रुग्णालयात आला, तरी त्याला स्थिर करून पुढं पाठवायची वेळ येऊ शकते. पण 'स्थिर करून' हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. श्वासनलिकेत नळी घातलेला, रक्त चढवलेला रुग्ण १०० किलोमीटर जाणं आणि तसाच उचलून नेलेला रुग्ण १०० किलोमीटर जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरं कारण वाढीच्या गणितात आहे. दरवर्षी १०० मुलं येतात, पण पहिली तुकडी साडेचार वर्षं शिकते आणि मगच इंटर्न होते. कोरोनामुळं ते आणखी लांबलं. म्हणजे २०१९ ला सुरू झालेल्या कॉलेजच्या वॉर्डात स्वतःचे इंटर्न दिसायला २०२४ उजाडावं लागतं. त्यापुढची पायरी पदव्युत्तर जागांची. एमडी, एमएस करणारा निवासी डॉक्टर तीन वर्षं तिथंच राहतो. रात्री दोन वाजता वॉर्डात कोण आहे, या प्रश्नाचं खरं उत्तर तोच. प्रत्येक विषयाला पुरेसे प्राध्यापक असल्याशिवाय त्या विषयाच्या पदव्युत्तर जागा मिळत नाहीत. आणि राज्यातल्या सरकारी कॉलेजांत प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा हा जुनाच आजार आहे. तपासणीच्या तोंडावर एका कॉलेजचे डॉक्टर दुसऱ्या कॉलेजात 'दाखवायला' पाठवायची पद्धतही जुनीच. रोजच्या हजेरीला आधार जोडल्यापासून ते अवघड झालंय.

विद्यार्थी मात्र रुग्णालयाबाहेरही पोहोचायला लागलेत. २०२१-२२ च्या तुकडीपासून देशभर 'कुटुंब दत्तक' उपक्रम सुरू झाला. प्रत्येक विद्यार्थ्यानं गावातली काही कुटुंबं घ्यायची, पहिल्या वर्षापासून त्यांच्याकडं जायचं, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन बघायचं आणि वर्षानुवर्षं नोंद ठेवायची. नीट झालं तर एखाद्या आजीचा वाढलेला रक्तदाब लकव्याच्या आधी सापडतो. उरकलं तर तो जर्नलमधला एक तक्ता होतो. दोन्ही शक्य आहे.

आणि शेवटी बॉन्ड. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजमधून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते. बारामतीच्या पहिल्या तुकडीची इंटर्नशिप संपली की हा प्रश्न त्या मुलांपुढं येतो. यातला कुणी इंदापूर तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात गेला आणि पहाटे जड पापण्यांचा एखादा ऊसतोड मजूर त्याच्यासमोर आला, तर तो मण्यार ओळखेल, प्रतिविष सुरू करेल, १०८ बोलावेल आणि बारामतीच्या वॉर्डात फोन लावेल. पलीकडून फोन उचलणारा त्याचा एक वर्ष ज्युनिअर असेल.